वनस्पतीचा गुण, सूक्ष्मकणांचे वाहन

मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे कोशाच्या वस्त्रांसाठी ओळखले जाणारे गाव. हातमागावर हातांइतकेच पायही राबतात. पावडी दाबणारा पाय सुजला की मागच थांबतो. हत्तीरोगाने भंडारा जिल्ह्यासह पूर्व विदर्भात असे अनेक पाय कायमचे जड केले आहेत.

साचलेल्या घाण पाण्यात वाढणाऱ्या क्युलेक्स डासाच्या चाव्यातून या रोगाचे सुतासारखे कृमी शरीरात शिरतात आणि लसिकावाहिन्यांत वर्षानुवर्षे ठाण मांडतात. शासनाच्या मोहिमेतील गोळ्या रक्तात फिरणारी त्यांची पिल्ले नष्ट करतात. प्रौढ कृमींवर मात्र त्यांचा प्रभाव अपुरा पडतो. म्हणूनच नव्या औषधाचा शोध चालू आहे आणि तो वारंवार वनस्पतींकडे वळतो. सिंकोनाच्या सालीने हिवतापावर क्विनाइन दिले. एका चिनी वनस्पतीतून आर्टेमिसिनिन मिळवणाऱ्या तू यूयू यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक लाभले.

मग आपली हळद का नाही? हळदीतील कुर्क्युमिन प्रयोगशाळेत अनेक परजीवींना रोखते. परंतु ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आतड्यातून अत्यल्प शोषले जाते आणि शरीर त्याचा लवकरच निचरा करते. गुण आहे, तो रोगाच्या ठिकाणी पोहोचत नाही. ही उणीव नॅनोकण भरून काढू पाहतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. इतक्या सूक्ष्म कणांत बांधलेले औषध पाण्यात सहज पसरते आणि शरीरात अधिक काळ टिकते. ही निव्वळ कल्पना नव्हे. काळा आजारावरील अँफोटेरिसिन हे औषध वनस्पतिजन्य नसले, तरी मेदाच्या अशाच सूक्ष्म कोशांत भरून दिल्याने त्याचा मूत्रपिंडांना होणारा त्रास पुष्कळ कमी झाला.

या वाटेवर महाराष्ट्राचीही पावले आहेत. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील आणि वाराणसीच्या संशोधकांनी २०१२ मध्ये चांदीच्या नॅनोकणांचा हत्तीरोगाच्या सूक्ष्म कृमींवरील मारक परिणाम प्रसिद्ध केला. त्याच वर्षी जळगावच्या विद्यापीठातील संशोधकांनी चाफ्याच्या चिकापासून चांदीचे नॅनोकण तयार करून डासांच्या अळ्यांवर त्यांची परीक्षा केली.

तथापि परीक्षानळीतील यश म्हणजे औषध नव्हे. मात्रा किती, धातूचे कण शरीरात साठतात काय, गर्भवतीला ते निर्धोक आहेत काय, या प्रश्नांची उत्तरे माणसांवरील काटेकोर चाचण्यांनीच मिळतील. तोवर ‘नॅनो’ असे नाव लावून विकल्या जाणाऱ्या चूर्णांवर भिस्त ठेवू नये, आणि हळदीचे दूध घेतो म्हणून मोहिमेतील गोळी टाळू नये. गोळी आरोग्य कर्मचाऱ्यांसमोरच घ्यावी. रक्ततपासणीचे पथक रात्री दारात आले तर त्रासून परत पाठवू नये. हे सूक्ष्म कृमी रक्तात प्रामुख्याने रात्रीच उतरतात. सुजलेला पाय रोज साबणपाण्याने धुऊन कोरडा ठेवावा.

उद्याचे औषध कदाचित आपल्याच परसातील झाडातून येईल. आजचा पाय मात्र आजच्याच उपायांनी जपायचा आहे.