सातबारा आणि गुणांचा वारसा

सातबारा आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांत घरोघर ठाऊक आहे. शेत आणि बिनशेती प्लॉट, दोन्ही जमिनीच. धारकाचें नांव व क्षेत्र दोहोंस असतें. पीक मात्र शेतासच. संगणकशास्त्र यास गुणांचा वारसा म्हणतें.

सर्व माहिती एकाच कोष्टकांत भरली, तर पिकाचा रिकामा रकाना पाहून शेत पडीक आहे कीं तो प्लॉट आहे, हें कळत नाहीं. दोन स्वतंत्र कोष्टकें केलीं, तर एकाच धारकाची जमीन दोन ठिकाणीं शोधावी लागते. म्हणून सामान्य गुण नमुना सातमध्यें, पिकें नमुना बारामध्यें आणि दोहोंस जोडणारा गांवचा गट क्रमांक, ही मांडणी उत्तम. २०२० च्या सुधारित उताऱ्यावर बिनशेती जमिनीस नमुना बाराची आवश्यकता नाहीं, असें स्पष्ट छापलेलें असतें. रिकाम्या रकान्यापेक्षां नसलेला रकाना बरा. रिकाम्यांत उद्यां कोणीही कांहींही वाचील.