हप्ता जमा झाला म्हणजे नफा झाला?

विमा कंपनीच्या वार्षिक अहवालातला जमा हप्त्यांचा मोठा आकडा म्हणजे कंपनीची कमाई, असा सर्रास समज असतो. प्रत्यक्षात वाहन किंवा आरोग्य विम्याचा हप्ता मुदत सरेल तसतसा कमावला जातो. खानावळीत महिन्याचे पैसे आगाऊ भरले, तरी उरलेल्या दिवसांचे जेवण मालक देणे लागतोच, तसेच हे. १ जानेवारीला वर्षभराचे १२,००० रुपये भरले, तर ३१ मार्चच्या हिशेबात (कर व पुनर्विमा वगळून) सुमारे ३,००० रुपयेच उत्पन्न धरले जातात. बाकीचे ९,००० 'अनर्जित हप्ता राखीव' (उरलेल्या मुदतीच्या जोखमीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम) म्हणून देण्यांत जातात. म्हणून अहवाल वाचताना जमा हप्त्यावर न थांबता अर्जित हप्ता आणि त्यातून वजा झालेले दावे व खर्च पाहावेत.