दिवा लागतो, मग सेल्फ का घेत नाही?

नागपूरच्या धंतोलीत सकाळी कुठल्याही हॉस्पिटलसमोर थोडा वेळ उभं राहिलं की हा प्रसंग हमखास दिसतो. रात्रभर पेशंटजवळ बसलेला माणूस खाली येतो, दुचाकीची किल्ली फिरवतो, बटण दाबतो. टक. पुन्हा दाबतो. टक. तोवर पानठेल्यावरचे दोघं-तिघं जवळ आलेले असतात. एक म्हणतो, सेल्फ मोटर गेली. दुसरा हॉर्न वाजवून पाहतो, लाइट लावून पाहतो आणि निकाल देतो : बॅटरी एकदम चांगली आहे.

हा निकाल नेमका इथेच चुकतो. हेडलाइटचा साधा 35 वॅटचा बल्ब तीन अँपिअरच्या आसपास करंट घेतो. सेल्फ मोटर इंजिन फिरवताना त्याच्या कितीतरी पट ओढते. आपण हिशेबापुरते 40 अँपिअर धरू. आता बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी भुकटी चढून तिथे 0.1 ओहमचा अडथळा तयार झाला असेल, तर बल्बच्या वाटेत फक्त 0.3 व्होल्ट वाया जातात आणि दिवा झकास लागतो. सेल्फच्या वाटेत मात्र चार व्होल्ट जातात. मोटरपर्यंत पोचतात जेमतेम आठ, तेही बॅटरी दमली नसेल तर. रिले 'टक' करते, मोटर हलत नाही. बॅटरी, मोटर, रिले सगळं ठणठणीत आणि गाडी बंद! बिघाड पार्टात कमी, जोडांत जास्त असतो, हे मी स्वतःचे पैसे घालवून शिकलो.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी पंचशील चौक, बर्डी (सीताबर्डी) या भागांत घुसलं, ते नागपूरकर विसरलेले नाहीत. त्या पावसात आमच्या पार्किंगमध्येही पाणी भरलं. गाडी धुतली, ऑइल बदललं, सुरू झाली. सुटलो, असं वाटलं. पण पाणी ओसरलं तरी कनेक्टरच्या आत, बोल्टखाली ओल राहते. तांब्यावर हिरवा गंज चढायला तिला आठवडे लागतात. दिवाळीच्या सुमारास 'टक' सुरू झालं. मी सरळ नवी बॅटरी आणून लावली. आठ दिवस गाडी छान चालली, कारण टर्मिनल सोडून-आवळताना जोड जरा साफ झाला होता आणि नवी बॅटरी जोमात होती. मग पुन्हा टक.

शेवटी गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्यानं बॅटरीकडे पाहिलंसुद्धा नाही. "भाऊ, करंट कुठी अडकून राहिला ते पाहू आधी," म्हणाला. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरली आणि मला बटण दाबायला लावलं. ही चाचणी प्रत्येक गाडीवाल्यानं शिकावी अशी आहे. बॅटरी आणि इंजिनामधला अर्थिंगचा जोड चांगला असेल तर मीटर अर्ध्या व्होल्टच्याही खाली राहतो. माझा दोनच्या पुढे गेला. इंजिनावरचा अर्थचा बोल्ट निघाला, सँडपेपर फिरला, पुन्हा आवळला. खेळ संपला.

साधा मीटर काही शे रुपयांत मिळतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीचं व्होल्टेज पाहा. 12.6 किंवा वर असेल तर ती भरलेली, 12.2 च्या आसपास म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना आकडा दहाच्या बराच खाली कोसळला तर बॅटरी दमली. इंजिन सुरू करून जरा रेस दिल्यावर साडेतेरा ते साडेचौदा दिसायला हवेत. तेवढे चढले नाहीत तर चार्जिंग होत नाही, म्हणजे कॉइल, आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर) किंवा त्यांच्यामधला कनेक्टर पाहा. पंधराच्या वर गेले तर आरआर युनिट बॅटरी उकळतंय. एवढं कळलं तरी निम्मा शोध संपतो.

मीटर हातात घ्यायच्या आधी किल स्विच बंद राहिलाय का ते पाहा. हसू नका. साइड स्टँडचा स्विच चिखलानं अडकला तरी बऱ्याच गाड्या सुरू होत नाहीत.

नागपूरचा उन्हाळा हा वेगळा शत्रू. तापमान दहा अंशांनी वाढलं की लेड-अॅसिड बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा जुना ठोकताळा आहे. 45 अंशांत उघड्यावर उभ्या गाडीची बॅटरी किती तापत असेल, याचा विचार करा. त्यात धंतोली ते बर्डी एवढ्याशा फेऱ्या. 2017 च्या एप्रिलपासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनासोबत कायम जळतो. सेल्फनं घेतलेलं भरून निघायच्या आत गाडी पुन्हा स्टँडवर.

पूर्वी धक्का मारला की भागायचं. 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत बहुतेक ठिकाणी फ्युएल इंजेक्शन आलं. पेट्रोलचा पंपच विजेवर चालतो, त्यामुळे बॅटरी पुरती बसली असेल तर धक्का मारून घामच निघतो.

फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा बसवा. लगेच पुन्हा उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे. तिथे सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग जळेल. बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी सोडा आणि लावताना शेवटी लावा, म्हणजे पाना चेसिसला टेकला तरी ठिणगी उडत नाही.

माझी जुनी बॅटरी, बहुधा धडधाकट असलेली, तेव्हाच एक्स्चेंजमध्ये गेली.