हाडवैद्यांच्या कामट्या आणि आमचें कर्तव्य

मोटारींत किंचित् बिघाड झाला, तर ती कोणाच्या हातीं द्यावी याची दहा ठिकाणीं चौकशी करणारे आमचे सुज्ञ नागरिक, घरांतील मुलाचें हाड मोडलें म्हणजे मात्र, ज्याच्या विद्येचा कोणासही ठाव नाहीं अशा हाडवैद्याकडे त्यास निःशंकपणें घेऊन जातात, हें मोठें आश्चर्य होय. तेल चोळावें, मोडलेला भाग हिसका देऊन ओढावा, आणि बांबूच्या कामट्या लावून तो करकचून आवळावा, एवढाच बहुधा या विद्येचा विस्तार !

या लोकांस यश येतें, असें कोणी म्हणेल. येतेंही, परंतु तें कोणाचें, हें पाहिलें पाहिजे. हाड सांधण्याचें काम निसर्ग करितो. जागचें न हललेलें हाड कोणींही बांधिलें तरी बहुधा जुळतें. आणि नुसत्या मुरगळ्यास 'हाड मोडलें' म्हणून सांगितलें, तर गुण चार दिवसांत दिसतो. अशा यशाचा डांगोरा गांवभर पिटला जातो. वांकडा राहिलेला हात मात्र नशिबाच्या खातीं जमा होतो.

खरें भय आवळण्यांत आहे. मोडलेला अवयव सुजतो, वरचा बंध सैल होत नाहीं, रक्तप्रवाह कोंडतो, आणि सुमारें ६ तासांत स्नायूंची कधींही न भरून येणारी हानि होते. अशानें बोटें कायमचीं आंखडतात, हें फोल्कमान नामक जर्मन शस्त्रवैद्यानें १८८१ सालींच दाखवून दिलें. कोपरापाशीं हाड मोडलेल्या लहान मुलांस हा धोका विशेष. पुढें अवयव सडला, म्हणजे प्राण वांचविण्यासाठीं तो कापावा लागतो. आणि लोक म्हणतात, दवाखान्यानें हात कापला!

'ही आमची प्राचीन विद्या' असा बचाव करणारांस आम्ही सुश्रुताचीच साक्ष देतों. बंध फार सैल नसावा, फार घट्टही नसावा. घट्ट बंधानें सूज, वेदना व पाक होतो, असें त्यानें भग्नचिकित्सेंत बजाविलें आहे. करकचून आवळणारास त्या शास्त्राचाही आधार नाहीं.

कायदा नाहीं, असें नाहीं. १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमानें नोंदणीवांचून वैद्यकी करण्यास बंदी केली. २०१९ च्या राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग अधिनियमांत तर १ वर्षापर्यंत कैद किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. परंतु केवळ शिक्षेनें काम भागणार नाहीं. हाडवैद्य जवळ आहे, तेथें रांग नाहीं आणि खर्च थोडा, म्हणून गरीब मनुष्य त्याच्याकडे जातो. यास्तव तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांत क्ष-किरणाचें यंत्र व तें चालविणारा मनुष्य, हीं दोन्ही रात्रीं-अपरात्रीं हजर ठेवणें हें सरकारचें पहिलें कर्तव्य होय.

आमच्या व्यापारी बंधूंसही एक सांगणें आहे. पोत्यांच्या थप्पीवरून पडलेल्या हमालास चार नोटा देऊन हाडवैद्याकडे धाडणें ही काटकसर नव्हे. हात हेंच त्याचें भांडवल. तें बुडविण्याचा अधिकार कोणासही नाहीं. त्यास दवाखान्यांत पोंचविणें हें धन्याचें काम आहे. आणि कोणाच्याही घरीं कामट्या बांधलेल्या हाताचीं बोटें थंड, फिकीं वा बधिर झालीं, किंवा तीं सरळ करितांना असह्य कळ आली, तर उजाडण्याची वाट न पाहतां बंध सोडावा व दवाखाना गांठावा. एका रात्रीच्या संकोचासाठीं जन्माचा हात गमावणें, हा सौदा कोणत्याही शहाण्या व्यापाऱ्यास परवडणारा नाहीं.