शर्यतीच्या मोटारीवरील कडें



गेल्या पावसाळ्यांत वसतिगृहांतील दोन विद्यार्थी एक वाद घेऊन मजकडे आले. एकाच्या हातीं फॉर्म्युला वन शर्यतींतील जुन्या मोटारीचें चित्र होतें, दुसऱ्याच्या हातीं अलीकडील मोटारीचें. पहिल्याचें म्हणणें असें कीं, जुनी मोटार बाणासारखी सुबक दिसते, आणि नवीवर मात्र कोणी तरी चपलेचा पट्टा ठोकून ठेवला आहे! उपमा मोठी समर्पक होती. सारथ्यापुढें एक बारीक खांब, आणि त्याच्या माथ्यावरून दोन्ही बाजूंनीं मागें वळत गेलेलें कडें; अंगठ्याच्या चपलेचा पट्टा खरोखर असाच असतो. मीं त्या मुलास दोष दिला नाहीं. हें कडें मीं प्रथम पाहिलें, तेव्हां माझेंही मत तेंच होतें.

ह्या कड्यास 'हेलो' म्हणतात. (टेलिफोनवरील 'हॅलो' तो निराळा.) साधुसंतांच्या चित्रांत मस्तकाभोंवतीं जें तेजोवलय काढतात, त्याचेंच हें इंग्रजी नांव होय. ह्या मोटारींस छप्पर नसतें. सारथ्याचें धड राखण्याची तजवीज पुष्कळ वर्षांपूर्वीं झाली होती. १९८१ सालीं मॅक्लारेन संघानें कार्बनच्या तंतूंचा बळकट सांगाडा आणला, आणि पुढें तो सर्वांनींच स्वीकारला. मस्तक मात्र शिरस्त्राणाच्या भरंवशावर उघडेंच राहिलें. १९ जुलै २००९ रोजीं इंग्लंडांत ब्रँड्स हॅच येथें एका धाकट्या दर्जाच्या शर्यतींत निखळलेलें चाक उसळून हेन्री सर्टीस ह्या अठरा वर्षांच्या तरुणाच्या मस्तकावर आदळलें व तो प्राणांस मुकला. सहाच दिवसांनीं हंगेरींत पुढील मोटारीची सुटलेली स्प्रिंग फेलिपे मासा याच्या शिरस्त्राणावर बसली. तो वांचला, पण थोडक्यांत. अठरा वर्षांचा मुलगा म्हणजे आमच्या शाळेंतून नुकताच बाहेर पडलेला विद्यार्थीच कीं!

मोटारीचें रूप आणि सारथ्याचा जीव यांचा झगडा नवा नाहीं, आणि त्यांतील एक प्रकरण मोठें मौजेचें आहे. १९९० सालीं टिरेल संघानें मोटारीचें नाक उंच उचललें. त्यायोगें तळाखालून अधिक वारा वाहूं लागला. तेथील दाब कमी झाला म्हणजे मोटार रस्त्यास चिकटून राहते व वळणावर वेग राखतां येतो. हळूहळू बहुतेकांनीं तेंच अनुकरण केलें. परंतु एक मोटार गरकन् फिरून आडवी झाली, तर मागून येणारीचें उंच नाक नेमकें तिच्या सारथ्याच्या मस्तकाच्या रोखानें येतें! म्हणून २०१२ सालीं नाक ५५ सेंटिमीटरांहून उंच नसावें, असा नियम झाला. त्यामागील सांगाड्यास मात्र ६२.५ सेंटिमीटरांपर्यंत मुभा होती. रचनाकारांनीं दोन्ही मर्यादा अगदीं टोंकापर्यंत वापरल्या, आणि मोटारीच्या नाकावर एक ओबडधोबड पायरी उत्पन्न झाली. लोकांनीं नाकें मुरडलीं, व पुढील वर्षीं ती पायरी पातळ आच्छादनाखालीं झांकण्याची परवानगी द्यावी लागली. माझ्या मतें ही कुरूपता सुरक्षिततेनें आणलेली नव्हे. नियम पाळून वारा कसा मिळवावा, ह्या धडपडीनें ती आणली.

असो. आतां कड्याकडे वळूं. तें टिटॅनियम धातूचें असतें. हा धातु बळकटींत पोलादाशीं तुल्य, आणि वजनानें त्याच्या निम्म्याहून थोडा अधिक. म्हणून अवघें सुमारें ७ किलोग्राम वजनाचें हें कडें सुमारें १२ टनांचा भार सोसूं शकतें. तें तीन ठिकाणीं सांगाड्यास जखडलेलें असल्यामुळें आघात सारथ्याच्या मानेवर न येतां सांगाड्यांत जातो. ऐन डोळ्यांपुढें खांब आला तर दिसावें कसें, अशी शंका कोणासही येईल. एक पेन्सिल नाकासमोर हातभर अंतरावर उभी धरा आणि दूरच्या झाडाकडे पहा. झाड दिसतेंच, कारण एका डोळ्यास जें झांकतें, तें दुसरा पाहतो. खांब दोन डोळ्यांमधील अंतराहून अरुंद असला म्हणजे झालें.

दिसावयास अधिक नेटका असा पारदर्शक पडदाही करून पाहिला होता. २०१७ च्या जुलैंत सिल्व्हरस्टोन येथें सेबास्टियन फेटेल यानें तो लावून मोटार हांकली. पण वांकड्या पडद्यांतून सर्व वेडेंवांकडें दिसून त्यास घेरी येऊं लागली, आणि एका फेरींतच तो परतला. तेव्हां २०१८ पासून कडेंच सक्तीचें झालें. केवढा गहजब उडाला! मर्सिडीझ संघाचे प्रमुख टोटो वोल्फ यांनीं, करवत मिळाली तर आपण तें कापून टाकूं, अशा आशयाचे उद्गार काढले. रोमाँ ग्रोजाँ हा फ्रेंच सारथीही विरोधकांतच होता.

२९ नोव्हेंबर २०२० रोजीं बहारीन येथें पहिल्याच फेरींत ह्याच ग्रोजाँची मोटार ताशीं सुमारें १९२ किलोमीटर वेगानें लोखंडी कठड्यावर आदळली. तिचे दोन तुकडे झाले. पुढला भाग कठड्याचे पत्रे फाडून आंत घुसला व आगीचा डोंब उसळला. त्या पत्र्यांच्या वाटेंत सारथ्याचें मस्तक होतें, आणि मस्तकाभोंवतीं तें कडें होतें. पत्रे कड्यानें बाजूस सारले. जवळजवळ अर्धा मिनिट ज्वाळांत राहून ग्रोजाँ स्वतःच्या पायांनीं बाहेर आला. त्याचे हात भाजले होते. हें कडें आपणांस नको होतें, पण तें नसतें तर आज बोलावयास आपण उरलों नसतों, असें त्यानें रुग्णशय्येवरून सांगितलें.

मीं ही हकीकत त्या दोन मुलांस सांगितली. चपलेच्या पट्ट्याची उपमा देणारा क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, "सर, तरी दिसतें वाईटच!" मीं त्यास खोटें ठरविलें नाहीं.

३ जुलै २०२२ रोजीं सिल्व्हरस्टोन येथें झोऊ ग्वान्यू ह्या चिनी सारथ्याची मोटार उलटून तशीच घसरत गेली. सारथ्याच्या पाठीमागची, उलटल्यावर भार पेलणारी कमान मोडली, आणि मस्तक राखण्याचें काम एकट्या कड्यावर येऊन पडलें. झोऊ सुखरूप बाहेर आला. त्यानंतर २०२३ सालापासून त्या कमानीचा माथा गोलसर असावा, जमिनींत रुतूं नये, असा नियम झाला, आणि मोटारीचें रूप पुन्हां थोडें पालटलें.