मोडीत घालण्यापूर्वी भांड्यावरचे नाव वाचा

आमच्या सुरगाण्याकडचा माणूस नाशिकला जातो तो बहुधा कामाने. कोर्टाची तारीख, सिव्हिलमधला पेशंट, नाहीतर जात पडताळणीचा कागद. काम आटोपले की एस.टी. पकडायची आणि वणी-बोरगावमार्गे घर गाठायचे. पुढच्या खेपेला मात्र दोन तास हाताशी ठेवावेत आणि मुलाबाळांना घेऊन जुन्या नाशकात एक फेरी मारावी. देवदर्शनासाठी नव्हे, बाजार पाहण्यासाठी. आपल्या खाण्याचा, भांड्यांचा आणि पैशाचा इतिहास या बाजारात पडलेला आहे.

रविवार कारंजावरून खाली उतरत गेले की मेनरोड, दहीपूल, सराफ बाजार, भांडी बाजार अशी जुनी पेठ लागते आणि पुढे गोदावरी. २००८ आणि २०१६ च्या महापुरात या पेठेत पाणी शिरले होते. पाणी ओसरले, गाळ काढला आणि दुकाने पुन्हा उघडली. पेठा अशाच टिकतात.

पोटाची पेठ

नाशिकचा चिवडा आणि काळ्या मसाल्याची मिसळ सर्वांना ठाऊक आहे. मी सांगतो ते नागलीबद्दल. गंगेवर भरणाऱ्या बुधवारच्या बाजारात जावे, किंवा पेठेतल्या एखाद्या किराणा दुकानात डोकवावे. नागलीचे पीठ, नागलीचे पापड, खुरासणी, वरई हे सारे तिथे मिळते. आमच्या तालुक्यातल्या कोकणा, वारली, महादेव कोळी घरांतले हे रोजचे खाणे. नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी डब्यात असली की पूर्वी मुले झाकण अर्धेच उघडायची. गरिबाचे खाणे म्हणून लाज वाटायची. पुढे संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले आणि तीच नागली पाकिटात बसून शहरात गेली. धान्य तेच आहे, बदलली ती खाणाऱ्याची पत. म्हणून माताभगिनींनी मुलांच्या डब्यात नागली जरूर द्यावी, आणि मुलांना झाकण पूर्ण उघडायला शिकवावे.

धातूचे भांडे आणि माणसाचा मान

भांडी बाजारात आणि जुन्या तांबट लेनच्या बाजूला तांब्या-पितळेचा व्यापार पिढ्यान् पिढ्या चालत आला. तांब्यात जस्त मिसळले की पितळ होते, कथील मिसळले की कासे. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणून आतून कल्हई हवी. कल्हईवाला भांडे तापवतो, नवसागर टाकतो आणि कथलाचा तुकडा फिरवून कापसाच्या बोळ्याने तो आतून पसरवतो. हाताने घडवलेल्या जुन्या हंड्यावर ठोक्याचे ठसे दिसतात आणि दोन तुकडे जोडल्याचा दातेरी सांधा हाताला लागतो. स्टील आणि ॲल्युमिनियम घरोघरी आले आणि कल्हईवाल्याची हाक दुर्मिळ झाली.

धातूचे भांडे ही आपल्या समाजाच्या दृष्टीने साधी वस्तू नव्हती. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात अहमदाबाद जिल्ह्यातील झानू गावची हकिकत नोंदवली आहे. नोव्हेंबर १९३५ मध्ये तेथील काही सुस्थितीतल्या अस्पृश्य स्त्रिया धातूच्या भांड्यातून पाणी आणू लागल्या. एवढ्याच कारणावरून त्यांना मारहाण झाली. मडके चालत होते, हंडा खुपत होता. आणि नाशिकच्या याच पेठेपलीकडे, पंचवटीत, २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता.

हे लक्षात घेतले म्हणजे आजीच्या पितळी हंड्याची किंमत कळते. मजुरीतून पै-पै साठवून कोणीतरी तो घेतला आणि त्यावर नाव घालून घेतले. आज तो माळ्यावर अडगळ होतो. लग्नसराई आली की मोडीच्या भावाने वजनावर जातो, घट वजा होऊन. दुकानदार वजन बघतो. नाव बघण्याचे काम आपले आहे.

नावाचा उपयोग

मी कारकून आहे, म्हणून व्यवहाराचे सांगतो. जात पडताळणीसाठी अनुसूचित जातीच्या अर्जदाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा दाखला लागतो, अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा. भांड्यावरचे नाव हा काही कागदोपत्री पुरावा नव्हे. परंतु आजोबांचे नाव नेमके कसे लिहीत, आडनाव कोणते होते, गाव कोणते, याचा धागा तिथे मिळू शकतो. मग कोणत्या शाळेचे रजिस्टर आणि कोणत्या गावचे कोतवाल बुक पाहायचे हे ठरवता येते. म्हणून भांडे विकायचेच असेल तर आधी नावाचा फोटो काढा आणि वहीत उतरवून घ्या.

जुन्या वस्तूंबाबत कायदाही माहीत असावा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांपूर्वीची वस्तू पुरावशेष ठरते. तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. दगड-धातूच्या जुन्या मूर्तींची नोंदणी लागते. शेतात मूर्ती वा नाणी सापडली तर ती फिरत्या व्यापाऱ्याला न विकता तहसील कचेरीत कळवावे. सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. नाणी नहपान राजाची, आणि त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीचा ठसा मारलेला. ती वितळवली गेली असती, तर सत्ता कोणाकडून कोणाकडे गेली याचा एवढा मोठा पुरावा मिळाला नसता.

लेण्यातला हिशेब

फेरीचा शेवट त्रिरश्मी लेण्यांवर करावा. तेथील दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने भिक्खुसंघासाठी तीन हजार कार्षापण ठेवले, ते गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे. हे गोवर्धन आजही नाशिकजवळ आहे. त्यांतले दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजाने. म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. वीस बारे दोनशे चाळीस. हिशेब तंतोतंत! उरलेले एक हजार दुसऱ्या विणकर श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजाने, भिक्खूंच्या इतर खर्चासाठी. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचे, आणि सारा व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदवलेला.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कष्टकरी विणकरांच्या हाती संघाची ठेव सुरक्षित मानली जात होती. आपल्या बचत गटांनी आणि विहार समित्यांनी हा शिलालेख वर्गात शिकवावा असा आहे.

यंदाच्या वर्षावासात प्रत्येक विहारात एक वही ठेवा. ज्या घरात नाव घातलेले जुने भांडे असेल, त्याचे नाव, गाव आणि साल त्यात लिहून घ्या. खर्च एका वहीचा. पण आपल्या आजी-आजोबांची नावे मोडीच्या तराजूतून वाचतील.