अडीच सेंटिमीटर थर्मोकोल

गेल्या पावसाळ्यात ओल्या वळणावर माझी गाडी घसरली. वेग काही फार नव्हता. कोपर खरचटलं, हेल्मेटला डावीकडे एक ओरखडा आला, बस. ‘काही झालं नाही’ म्हणत मी ते पुन्हा खुंटीला अडकवलं. महिन्याभराने धुवायला म्हणून आतलं अस्तर काढलं, तर खाली पांढरा थर्मोकोल दिसला आणि ओरखड्याच्या बरोबर मागे त्यात बशीएवढा खोलगट भाग. बोटाने चाचपून पाहिलं. दबलेला भाग दबलेलाच होता.

हो, थर्मोकोलच. गणपतीच्या मखराचा, 2018 पासून राज्यात ज्याच्या सजावटीवर बंदी आली तोच. हेल्मेटमधला जरा जास्त घट्ट, इतकाच फरक. म्हणजे बारीक बारीक बंद कप्पे आणि त्यांत नुसती हवा. आपटल्यावर हे कप्पे चुरडतात, आणि चुरडता चुरडता धक्का गिळतात. स्पंजसारखे ते उसळून परत आले असते, तर डोक्यालाच उलटा झटका बसला असता. न उसळणं हीच त्यांची करामत.

हिशेब तर तोंडी करता येतो. गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. नुसतं तिथून खाली आलं तरी रस्त्याला टेकताना वेग ताशी 20 किलोमीटरच्या आसपास होतो. गाडी उभी असली तरीही! आता हा वेग किती अंतरात थांबतो, त्यावर सगळं ठरतं. उघडं डोकं डांबरावर समजा दोन मिलिमीटरमध्ये थांबलं, तर 150 सेंटिमीटर भागिले 0.2, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 750 पट झटका. थर्मोकोलने अडीच सेंटिमीटर उसने दिले, तर 150 भागिले 2.5, म्हणजे 60 पट. कवटीच्या आत मेंदू सुटाच असल्यासारखा हलतो. त्याला हा फरक चांगलाच कळतो. बाहेरचं चकचकीत कवच धक्का पसरवतं आणि खडीचं टोक आत घुसू देत नाही. पण खरा कामकरी आतला.

हेल्मेटच्या कायद्यांमागची एक गोष्ट 1935 सालच्या मे महिन्यातली आहे. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्स इंग्लंडमधल्या डॉर्सेटमध्ये दोन सायकलस्वार मुलांना चुकवताना मोटरसायकलवरून फेकले गेले. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवस बेशुद्ध राहून ते गेले. बोलावलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. ते प्रकरण त्यांनी सोडून दिलं नाही. 1941 मध्ये त्यांनी लिहिलं की महायुद्धाच्या पहिल्या 21 महिन्यांत ब्रिटनमध्ये 2279 मोटरसायकलस्वार आणि मागे बसणारे दगावले. हेल्मेट घातलेले जखमी त्यांना सातच भेटले होते. सातही जगले. त्याच वर्षी लष्कराने निरोप्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. सामान्य ब्रिटिश नागरिकावर मात्र सक्ती यायला 1973 उजाडलं. त्यामुळे हेल्मेटविरोधात मोर्चे काढणाऱ्या पुणेकरांनाच एवढं हसायला नको.

आपल्याकडे 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 129 आहे. मागे बसणाऱ्यालाही ते लागू आहे. 2019 च्या दुरुस्तीने दंड हजार रुपये झाला आणि तीन महिने लायसन्स जाण्याची तरतूद आली. 1 जून 2021 पासून आयएसआय छापाशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकताच येत नाही.

कलम 129 मधली मला सर्वांत आवडलेली ओळ पट्ट्याची. पट्ट्याने डोक्याला घट्ट बांधलेलं असेल, तरच कायदा त्याला संरक्षक शिरस्त्राण म्हणतो. चौकात मामा दिसले की नुसतं डोक्यावर ठेवायचं, हे कायद्याच्या भाषेत बिनहेल्मेटच. आणि भौतिकशास्त्राच्याही, कारण डोकं आपटायच्या आधीच ते घरंगळत पुढे गेलेलं असतं.

माझ्या हेल्मेटच्या डाव्या बाजूचे ते सेंटिमीटर खर्चून झाले होते, म्हणून मी ते पट्टे कापून मोडीत टाकलं. तुमच्याकडे एखादं एकदा आपटलेलं असेल, तर बाहेरून कितीही नवं दिसो, धाकट्या भावाला किंवा भाच्याला देऊ नका.